मुका कॉम्प्युटर

आमच्या मामेसासऱ्यांइतका थापाड्या माणूस अख्ख्या चंदीगडात शोधून सापडायचा नाही, आणि गंमत म्हणजे त्यांनी जन्मात कधी माणसाला थाप मारलेली नाही. माणसांशी ते इतकं खरं बोलतात की त्यांना कुठे सोबत न्यायचं म्हटलं की मी दहादा विचार करते. एका लग्नात यजमानांनी हात जोडून जेवण कसं झालं म्हणून विचारलं, तर मामांनी रुमालाला हात पुसत पुसत, पनीर चिवट होतं आणि गाजराच्या हलव्यात साखर जास्त झाली होती, असं शांतपणे सांगितलं. वर ‘आपने पूछा इसलिए बोला’ हेही सांगितलं. त्यांच्या थापा सगळ्या यंत्रांसाठी राखून ठेवलेल्या. त्यातही जुन्या कॉम्प्युटरांसाठी. एखाद्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला गोड बोलून फसवावं आणि आणखी काही वर्षं कामाला जुंपावं, यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही.

मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. मूळचे मिरजेचे. एका सरकारी प्रयोगशाळेत उपकरणं दुरुस्त करायच्या नोकरीवर तरुणपणी इथे आले आणि निवृत्त झाल्यावर लोक गावाकडे परततात तसे परतले नाहीत. सेक्टर बावीसच्या बाजारामागे वरच्या मजल्यावरचं भाड्याचं घर त्यांनी धरून ठेवलं. कारण विचारलं तर म्हणायचे, इथे खाली उतरलं की सोल्डरची तार मिळते, मिरजेला त्यासाठी स्टेशनापर्यंत जावं लागतं. मी नागपूरची. लग्न करून इकडे आले, फ्लॅट परवडला म्हणून चंदीगडबाहेरच्या खरड गावात राहिले, आणि तिथल्याच एका कॉलेजात शिकवते. परक्या मुलखात आम्हाला मराठी बोलायला हक्काचं घर एकच, मामांचं. तिथे गेलं की मामी धिरडी घालायच्या आणि मामा काहीतरी उघडून बसलेले असायचे.

त्यांच्या थापेची रीत समजावून सांगते, कारण मलाही ती पुष्कळ दिवस समजली नव्हती. जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात एक फिरती डिस्क असते आणि त्याचं सगळं शहाणपण तिच्यावर साठवलेलं असतं. वय झालं की ती खरखरते, अडखळते आणि एक दिवस बसते ती बसतेच. तशी नवी डिस्क आता मिळत नाही. दुकानदार म्हणतात, अंकलजी, फेकून द्या. मामा म्हणतात, थांबा. फोटोग्राफरांच्या मोठ्या कॅमेऱ्यांत पूर्वी काड्यापेटीएवढं रुंद, चपटं कार्ड असायचं. ते एका छोट्या पट्टीत खोचायचं आणि ती पट्टी डिस्कच्या जागी जोडायची. मामा हे सांगताना दोघांचेही आवाज काढायचे. सुरू होताना कॉम्प्युटर दरडावून विचारतो, कोण आहे आत? कार्ड गंभीरपणे म्हणतं, मी डिस्क. कॉम्प्युटर म्हणतो, मग फिरत का नाहीस? कार्ड म्हणतं, तू तुझं काम बघ. आणि तो बिचारा खरंच आपलं काम बघायला लागतो.

हे प्रकरण मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच घरी. माझा कॉम्प्युटर खरखरायला लागला होता. मी तो मोडीत काढायच्या विचारात होते, आणि हे बोलता बोलता मामींजवळ बोलून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिक्सरमध्ये चटणी फिरवत होते तोच दारात मामा. पहिली बस पकडून खरडला आलेले, गळ्यात मफलर, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि डब्यात कार्डंच कार्डं. आल्या आल्या त्यांनी मला मिक्सर बंद करायला लावला आणि कॉम्प्युटरच्या खोक्याला कान लावून डोळे मिटून बसले. चहा दिला तर हातानेच थांब म्हणाले. मग उठून मला म्हणाले की डिस्क हे प्रामाणिक जनावर आहे, मरायच्या आधी ओरडून सांगतं तरी. कार्ड काही सांगत नाही. म्हणून कार्डावर जीव लावायचा नाही, त्याची एक नक्कल नेहमी कपाटात असू द्यायची.

आणि मग त्यांनी मला त्यांचा एकुलता एक नियम सांगितला, जो सांगून सांगून त्यांनी नंतर चंदीगड, मोहाली आणि पंचकुलातल्या सगळ्या कॉम्प्युटरवाल्यांना हैराण केलं: वाचायचं कितीही, लिहायचं बेतानं. कार्ड वाचल्यानं झिजत नाही, लिहिल्यानं झिजतं. मी प्रश्नपत्रिका टाइप करताना दर दोन ओळींनी साठवायची, त्या प्रत्येक वेळी मामांच्या चेहऱ्यावर कुणी चिमटा काढल्यासारखं व्हायचं. ‘सूनबाई, आधी मनात नीट विचार करावा आणि मग एकदाच लिहावं,’ असं ते कळवळून म्हणायचे. एका दातांच्या डॉक्टरांच्या एक्स-रेच्या कॉम्प्युटरला कार्ड बसवून दिलं, तेव्हा त्यांनाही हेच ऐकवलं. डॉक्टर सरदारजी, मोठे खेळकर. म्हणाले, अंकलजी, मग दात उपटू की नको? मामांनी त्यावर खरोखर विचार केला आणि जे अगदीच हलतात तेवढेच उपटा म्हणून सांगितलं.

ही कार्डं ते आणायचे सेक्टर बावीसमधल्या लग्नाच्या फोटोग्राफरांकडून. त्यांच्या नव्या कॅमेऱ्यांना नवी कार्डं लागतात, जुनी ड्रॉवरात पडून असतात. मामा दुकानात शिरून म्हणायचे, ‘पाजी, वो जाडा वाला कार्ड है क्या, जो अभी आप वापरते नहीं?’ इतकी वर्षं इथे काढून मामांच्या हिंदीने मिरज सोडली नव्हती. पण तो बाजार त्यांना समजून घ्यायला शिकला होता, आणि ‘कार्डवाले अंकलजी आये’ असं म्हणत कुणीतरी ड्रॉवर उपसायला लागायचं. त्या कार्डांवर बहुतेक वेळा कुणाचं ना कुणाचं लग्न तसंच राहिलेलं असायचं. फोटोग्राफर म्हणायचे, पुसून टाका, काही कामाचं नाही. पण मामांना न बघता पुसवायचं नाही. आपण कुणाचं लग्न पुसतोय हे तरी कळायला नको का, असं त्यांचं म्हणणं. मग दुपारी ते आणि मामी शेजारी खुर्च्या टाकून कुठल्या कुठल्या सिंग आणि शर्मांची लग्नं पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचे. मामी शेरे मारायच्या. ही नवरी मनातून रुसलेली दिसते. ही आत्या सगळ्या फोटोंत पुढे पुढे कशी येते बघा. हा नवरा गरीब आहे हो, याला चांगली सांभाळेल ती. सगळं बघून झालं की मामी आत जाऊन चार तांदूळ आणायच्या, पडद्यावर टाकायच्या आणि म्हणायच्या, ‘सुखी असा. आता पुसा हो.’ मामांनी तांदूळ कीबोर्डात जातात म्हणून कधी तक्रार केली नाही. त्यांच्यासारख्या माणसाने केली नाही म्हणजे काय ते समजा.

लुधियानाच्या एका स्वेटरवाल्याचं विणायचं यंत्र असंच एका जुन्या कॉम्प्युटरवर चालायचं, ते मामांनी वाचवलं. त्याने कृतज्ञतेने स्वेटरांचा गठ्ठा पाठवून दिला. यंत्राला नव्याने लिहायचं नाही हा मामांचा नियम त्याने इतका मनावर घेतला होता की नक्षी बदलतच नव्हता. त्यामुळे त्या थंडीत मामा, मामी, मी, माझा नवरा, खालचे घरमालक आणि त्यांची सून असे सगळे चॉकलेटी स्वेटरवर पिवळे चौकोन अशा एकाच नक्षीत फिरत होतो. सेक्टर सतराच्या चौकात एका फुगेवाल्याने आम्हाला बँडवाले समजून लग्न कुठलं आहे म्हणून विचारलं. मामी हसून हसून कारंज्याच्या कठड्यावर बसल्या. तो स्वेटर मी अजून घालते, आणि घातला की मला त्यांचं ते हसणं आठवून वाईटच वाटतं.

मामींचा स्वतःचा एक कॉम्प्युटर होता. मुळात तो घेतला होता मुलीच्या अभ्यासाला. मुलगी शिकली आणि कॅनडाला गेली. आपली मुलं इथे वाढली की त्यांना मराठी कळतं, पण उत्तर हिंदीतून येतं. ती फोनवरही ‘बाबा यार, नया ले लो ना’ असंच म्हणायची. तिच्यामागे तो कॉम्प्युटर मामींकडे आला. ओटा आवरला की त्या पदर खोचून त्याच्यासमोर बसायच्या, बाजूला वाटीत भाजके शेंगदाणे, आणि पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव लावायच्या. खेळताना पत्त्यांशी बोलायच्या. ये गं बाई राणी, किती वेळ ताटकळायला लावलंस. हा गुलाम मेला कुठे तडमडला. डाव सुटला की पत्ते पडद्यावर उड्या मारत मारत खाली पडायचे आणि मामी टाळी वाजवायच्या. पत्त्यांशी बोलता बोलता त्या आमच्याशीही बोलायच्या. माहेरच्या, वाईच्या घाटावरच्या गोष्टी, मामा बघायला आले तेव्हा घरच्या रेडिओची खरखर ऐकून मुलीआधी रेडिओ कसा बघत बसले त्याची गोष्ट. मामा तेव्हा त्यांच्याकडे पाठ करून दुसऱ्या टेबलावर तारा जोडत असायचे आणि अधूनमधून हं म्हणायचे. ‘तुमच्या मामांना माणसं नाही कळत गं, तारा कळतात,’ असं मामी मला म्हणायच्या, पण म्हणताना चेहरा कौतुकाचा असायचा.

मग मामी विसरायला लागल्या. आधी किल्ल्या, मग फोडणीत मोहरी घातली की नाही ते, मग मी कोण. मला त्या माझ्या सासूच्या नावाने हाक मारायच्या, आणि मी ओ द्यायची. इथल्या मोठ्या इस्पितळात दाखवलं. डॉक्टर बनारसकडचे, शुद्ध हिंदी बोलणारे. सगळं तपासून म्हणाले, ‘हम पूरी चेष्टा करेंगे.’ हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे मामींना माहीत नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी त्यांना मराठीच तेवढी आठवत होती. ऑटोत बसल्यावर डोळ्यांत पाणी आणून मला म्हणाल्या, डॉक्टर असून चेष्टा कसली करतात, मी काय मुद्दाम विसरते का? मला आधी हसू आलं आणि मग मी मामांकडे बघितलं. ते ऑटोच्या मीटरकडे टक लावून बघत होते, आणि तो मीटर तर बंदच होता.

सगळं निसटत गेलं तरी दुपारचा तो एक तास मात्र टिकला होता. एरवी दिवसभर घरात भांबावून फिरणाऱ्या मामी कॉम्प्युटरसमोर बसल्या की ताठ व्हायच्या. हात आपोआप चालायचे. लाल सत्ता काळ्या अठ्ठ्यावर बरोबर जायचा. राणीला हाक मारायच्या, गुलामाला शिव्या घालायच्या, डाव सुटला की टाळी. त्या तासात कधी कधी मला माझ्या नावानेसुद्धा हाक मारायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जे चालू आहे ते चालू ठेवा. मामांनी मग बाकी सगळी कामं सोडून दिली. दुसऱ्यांचे कॉम्प्युटर परत केले, डबा माळ्यावर टाकला. त्यांना जगात एकच गोष्ट हवी होती, की मामींचा तो तास जाऊ नये.

आणि नेमकी मामींच्या कॉम्प्युटरची डिस्क खरखरायला लागली. मुलीला कळलं तर तिने चकचकीत लॅपटॉप पाठवला. त्यातही पत्ते होते. मामींनी तो पाहिला, त्यावर ओढणी पांघरली आणि देवाच्या खोलीत ठेवून आल्या. तेव्हा मामांनी डबा खाली काढला. सगळ्यात चांगलं, सगळ्यात कमी झिजलेलं कार्ड निवडलं. जुनी डिस्क शेवटचे श्वास घेत होती, तिच्यावरचं सगळं जसंच्या तसं कार्डावर उतरवून घेतलं. सकाळभर ते काम चाललं, आणि उतरवून होता होता डिस्क एकदा जोरात कण्हली आणि थांबली. पण मामा खुशीत होते. कॉम्प्युटर पूर्वीपेक्षा लवकर सुरू झाला. तोच पडदा, तीच चित्रं, तेच पत्ते. मामांनी खुर्ची ओढून मामींना हाक मारली.

मामी येऊन बसल्या. हात पुढे केला आणि तसाच ठेवला. खोक्याकडे वाकून बघितलं. मग म्हणाल्या, बंद आहे. मामा म्हणाले, अगं चालू आहे, पत्ते दिसतायत ना. मामी म्हणाल्या, बंद आहे, आणि उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्या खुर्चीपर्यंतही आल्या नाहीत, दारातूनच ऐकून परत फिरल्या. ऐकून. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या की खोक्यातून डिस्कची खरखर यायची. पान हलवलं की आत काहीतरी कुरकुरायचं. मामींना तो जिवंत असल्याची खूण तेवढीच होती. कार्ड फिरत नाही, त्याला आवाज नाही. मामांनी कॉम्प्युटरला वाचवलं होतं, पण मुका करून ठेवलं होतं.

मामांनी जुनी डिस्क नुसती आवाजासाठी जोडून बघितली, पण ती कायमची बसली होती. ज्या माणसाने जन्मभर प्रत्येक गोष्टीची नक्कल कपाटात ठेवली, त्याच्याकडे त्या आवाजाची नक्कल नव्हती. ‘एवढे फोन आहेत घरात, कुणी रेकॉर्ड करून ठेवला नाही,’ असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, आणि कुणी म्हणजे ते स्वतःच, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी तो आवाज बनवायचं ठरवलं. व्होल्टेज सांभाळणाऱ्या डब्यात वीज आली की टक करणारा एक पोलादी खटका असतो, तो त्यांनी काढला. कॉम्प्युटर आत काही वाचायला लागला की पुढचा लाल दिवा लुकलुकतो. त्या दिव्याच्या तारेला खटका जोडला. दिवा लुकलुकला की खटका वाजायचा. शिवाय एका छोट्या पंख्याच्या पात्यांना जुन्या एक्स-रेच्या फिल्मची पट्टी घासेल अशी बसवली, म्हणजे मागे संथ गुरगुर येईल.

पण मूळ आवाज होता कसा? इथे आमची पंचाईत झाली. एका रविवारी सगळे बसलो. माझा नवरा म्हणाला, तो गर्र करायचा. मी म्हटलं, नाही, किर्र आणि मग टक. कॅनडातून पडद्यावर मुलगी आली, तिने ‘नहीं बाबा, ऐसे था’ म्हणून घशातून असा काही आवाज काढला की तिच्याकडचं कुत्रं भुंकायला लागलं. मोठी मोठी, शिकलेली माणसं, आणि आळीपाळीने गर्र, खर्र, किर्र करतोय. खालच्या घरमालकीणबाई वर येऊन सब ठीक है ना जी म्हणून विचारून गेल्या. आम्ही हसत होतो, पण मनातून शरमलो होतो. इतक्या दुपारी आम्ही त्या घरात काढल्या, आणि त्या आवाजाकडे लक्ष होतं ते फक्त मामींचं. आणि त्यांना विचारायची सोय नव्हती.

मामांनी आपल्या कानाने जमेल तसं जुळवलं. खटका फार टणक वाजत होता, आडकित्त्याने सुपारी कातरल्यासारखा. त्याला मामींच्या जुन्या लोकरी ब्लाउजचा तुकडा गुंडाळून मऊ केला. पट्टी कापून कापून बोटभर केली. ज्या दुपारी सगळं मनासारखं जमलं, त्या दुपारी मी तिथेच होते. मामा इतके घाबरलेले मी कधी पाहिले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच माणसाला फसवायला निघाले होते, आणि तेही मामींना. त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला, आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. खोकं गुरगुरलं. मग टक टक, कुरकुर, टक. आतल्या खोलीतून मामी आल्या. मान तिरकी करून त्यांनी ऐकलं. खोक्यावर तळवा ठेवून बघितला. मग खुर्ची ओढून बसल्या आणि पहिलं पान हलवलं. मामांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला, आणि चहा टाकायला आत गेले.

मी मामींच्या शेजारी स्टुलावर होते. त्यांनी आणखी एक पान हलवलं, आणि मग माझ्याकडे झुकून, आत ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, ‘अहो ताई, हा माझा कॉम्प्युटर नाही बरं का. माझा वेगळा बोलायचा.’ मी काही म्हणणार तेवढ्यात त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. ‘पण त्या गृहस्थांना सांगू नका. फार खटपट केलीय हो त्यांनी माझ्यासाठी. त्यांचं मन मोडवत नाही.’

मला आधी टोचलं ते ‘अहो ताई’. मी त्यांची कायम ‘अगं’ होते, चुकीच्या नावाने हाक मारतानासुद्धा ‘अगं’. आणि मग ‘गृहस्थ’ हा शब्द माझ्या ध्यानात आला. मी चटकन दाराकडे बघितलं. मामींच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, त्याला अहो म्हणतात. आणि आपण रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही अहोच म्हणतो. मामी घरात मामांना दिवसभर अहो म्हणत होत्या. अहो, जरा खिडकी लावता का. अहो, पाणी देता का. आम्ही सगळे ते ऐकत होतो, मामाही ऐकत होते. त्यातला नवरा कधी गेला आणि कुणी भला परका माणूस कधी आला, हे आमच्यापैकी कुणाला कळलं नव्हतं. मला तिथेच रडू आलं. मामी माझा हात थोपटत होत्या, कारण ही परकी बाई का रडतेय हे त्यांना समजत नव्हतं. तेवढ्यात मामा चहाचे कप घेऊन आले. मामी लगबगीने सरकल्या आणि म्हणाल्या, ‘अहो, बसा ना. तुम्ही कशाला उभे?’ मामांचा चेहरा असा उजळला की मी माझा कप उचलून गॅलरीत गेले.

त्यानंतर मामी रोज दुपारी तिथे बसल्या, पुढची सगळी थंडी. राणीला हाक मारत नव्हत्या, पण पानं लावायच्या. डाव सुटला की आधी मामांकडे बघायच्या आणि मग टाळी वाजवायच्या. मामा आता पाठ करून बसत नसत. स्वतःची खुर्ची त्यांनी मामींच्या शेजारी आणली होती, आणि हळू आवाजात, न थकता त्यांच्याशी बोलायचे. मामी मान डोलावून, नम्रपणे ऐकायच्या. मला कधी वाटायचं की मामांना सांगावं, आणि कधी वाटायचं की सांगणारी मी कोण. उन्हाळा लागता लागता मामींना ताप आला आणि त्या गेल्या. मुलगी आली, राहिली, परत गेली.

मामा आता रविवारी आमच्याकडे येतात. कुणाचे कॉम्प्युटर घेत नाहीत. परवा गॅलरीत बसलो होतो. ते म्हणाले की त्यांनी जन्मभर यंत्रांना कान लावले आणि मामींचं बोलणं तेवढं पाठमोरं ऐकलं. शेवटी शेजारी बसले तेव्हा मामींकडे सांगायला काही उरलं नव्हतं. ते असं सरळ बोलून गेले, त्यांच्या नेहमीच्या सवयीने. मग समोरच्या बांधकामाकडे बघत मामा जरा सावरून बसले.

‘पण एक आहे, सूनबाई,’ ते म्हणाले. ‘मुलीला विसरली. तुला विसरली. घर कुठलं ते विसरली. मला नाही विसरली. शेवटच्या दिवशीसुद्धा मला अहो म्हणाली ती.’

‘हो मामा,’ मी म्हटलं. ‘तुम्हाला शेवटपर्यंत अहोच म्हणायच्या.’